मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकांचे संपादक आणि त्यांच्या निरोपाची प्रथा

वैद्यकीय संशोधनाला वाहिलेल्या नियतकालिकाचा संपादक आपल्या विद्याशाखेचा मोठा कारभार हाकत असला, तरी त्याचे काम वाचकाच्या डोळ्यांत भरत नाही. कारण त्याने केलेली दुरुस्ती लेखकाच्या नावावर जमा होते, त्याने परत पाठवलेला सदोष लेख कोणाच्या दृष्टीस पडत नाही आणि अंक वेळेवर निघाला तर ते गृहीतच धरले जाते. अशा संपादकाने पद सोडताना त्याचा गौरव कसा करावा, याविषयीचे काही संकेत मनोविकारशास्त्रात, म्हणजे मनाच्या आजारांचे निदान आणि उपचार करणाऱ्या वैद्यकशाखेत, सुमारे एकशे ऐंशी वर्षांत हळूहळू घडत गेले. त्यांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की सत्कार, मानपत्र आणि व्याख्यानमाला ही गौरवाची बाह्य रूपे ठिकठिकाणी बदलत राहिली. संपादकाच्या कामाची परीक्षा मात्र सर्वत्र एकाच गोष्टीने झाली, आणि ती म्हणजे तो गेल्यानंतर नियतकालिक चालू राहिले की नाही. महाराष्ट्रात, विशेषतः परळपासून मुलुंड-ठाण्यापर्यंतच्या पट्ट्यात, या परीक्षेत उतरलेली आणि न उतरलेली अशी दोन्ही प्रकारची उदाहरणे सापडतात.

संपादकाचे काम नेमके कोणते

संशोधन-नियतकालिकात येणारा लेख संपादक स्वतःच्या आवडीनिवडीवर स्वीकारत नाही. तो लेख त्याच विषयातील दोन किंवा अधिक जाणकारांकडे अभिप्रायासाठी पाठवला जातो, त्यांची नावे सहसा लेखकाला कळू दिली जात नाहीत, आणि त्यांच्या शेऱ्यांनुसार लेख दुरुस्त करून घेणे, नाकारणे किंवा छापणे याचा निर्णय संपादक करतो. या पद्धतीला समकक्ष-परीक्षण म्हणतात. संगणक येण्यापूर्वी हा सारा व्यवहार टपालाने होत असे. लेखक दुहेरी अंतर सोडून टंकलिखित केलेल्या प्रती रजिस्टर्ड टपालाने पाठवी, संपादक त्या परीक्षकांकडे रवाना करी, परीक्षक आपल्या रुग्णसेवेतून सवड काढून महिन्या-दोन महिन्यांनी शेरे परत करी, आणि छापखान्यातून आलेली मुद्रिते तपासून पुन्हा छापखान्यात धाडण्याचे कामही बहुधा संपादकाच्याच घरी रात्री चाले. या कामाला बहुतेक ठिकाणी वेतन नसे. वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापन आणि बाह्यरुग्ण विभाग सांभाळून ते करावे लागे.

मनोविकारशास्त्रात यात आणखी एका जबाबदारीची भर पडते. या शाखेतील कित्येक लेख एकेका रुग्णाच्या हकिगतीवर आधारलेले असतात आणि त्या हकिगतीत त्याचे घर, व्यवसाय, नातेसंबंध यांचा तपशील आल्याशिवाय आजाराचा उलगडा होत नाही. भिवंडीला लागून असलेल्या शेलारसारख्या गावाचा दाखला घेतला तर यातील अडचण ध्यानात येते. समजा, एखाद्या लेखात शेलारचा रहिवासी, रात्रपाळीत यंत्रमाग चालवणारा, दोन भावांतील धाकटा, वर्षापूर्वी लग्न मोडलेला असे वर्णन आले, तर रुग्णाचे नाव कितीही लपवले तरी गावातील, निदान त्या कारखान्यातील माणसे त्याला ओळखतील, आणि आजाराबरोबर येणारा कलंक त्याच्या कुटुंबाला चिकटेल. जाणता संपादक तेथे गावाऐवजी जिल्हा घालतो, यंत्रमागाऐवजी कापड उद्योग म्हणतो, आणि भावंडांचा उल्लेख निदानासाठी आवश्यक नसेल तर काढून टाकतो; पण रात्रपाळी काढत नाही, कारण झोपेचे बिघडलेले चक्र हा त्या आजाराच्या कारणमीमांसेचा भाग असू शकतो. काय झाकावे आणि काय ठेवावे याचा हा निवाडा छापील पानावर कोठेही दिसत नाही, तरीही या शाखेतील संपादनाचे मर्म त्यातच आहे.

रुग्णालयातून निघालेली पहिली नियतकालिके

मनोविकारांवरील आरंभीच्या काही नियतकालिकांचा उगम विद्यापीठांत नव्हे, तर त्या काळी वेड्यांची इस्पितळे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थांत झाला. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात युटिका येथील सरकारी रुग्णालयाचे अधीक्षक अमरिया ब्रिगहॅम यांनी 1844 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ इन्सॅनिटी' सुरू केले. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम त्या रुग्णालयाच्या छापखान्यात रुग्णच करीत, कारण नियमित आणि लक्ष गुंतवणारे काम हा त्या काळच्या उपचारपद्धतीचा एक भाग मानला जाई. ब्रिगहॅम 1849 मध्ये निधन पावले, परंतु नियतकालिक त्यांच्याबरोबर संपले नाही, ते रुग्णालयातून निघत राहिले. 1892 मध्ये मनोरुग्णालयांच्या अधीक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने ते विकत घेतले, आणि 1921 पासून ते 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री' या नावाने निघू लागले. म्हणजे पहिल्या संपादकाच्या निधनानंतर नियतकालिकाचे मालक बदलले, गाव बदलले, नावही बदलले, पण परंपरा तुटली नाही.

इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातील रुग्णालयाचे प्रमुख जॉन चार्ल्स बकनिल यांनी 1853 मध्ये 'असायलम जर्नल' काढले. पुढे ते 'जर्नल ऑफ मेंटल सायन्स' झाले आणि 1963 पासून 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री' म्हणून ओळखले जाऊ लागले. बकनिल 1862 मध्ये मनोरुग्णांच्या प्रकरणांची पाहणी करणाऱ्या सरकारी पदावर नेमले गेले, त्यामुळे त्यांनी संपादकपद सोडले, आणि लवकरच ते काम हेन्री मॉड्स्ली यांच्याकडे आले. मॉड्स्ली यांनी 1878 पर्यंत ते सांभाळले. मॉड्स्ली यांचे नाव आज जगभर माहीत आहे ते लंडनमधील रुग्णालयामुळे. त्यासाठी त्यांनी तीस हजार पौंडांची देणगी देऊ केली होती आणि ते 1923 मध्ये सर्वसाधारण रुग्णांसाठी उघडले गेले. पंधरा वर्षांच्या संपादनाचा उल्लेख त्यांच्या चरित्रात एखाद्या परिच्छेदात आटोपतो. दगडविटांची देणगी पिढ्यानपिढ्या नाव टिकवते आणि संपादनाची मेहनत अंकांच्या पानांत विरून जाते, या विषमतेचा हा अगदी आरंभीचा दाखला म्हणता येईल.

मुंबई इलाख्यातील अहवालांचा काळ

मुंबई इलाख्यात याच सुमारास मनोरुग्णांच्या संस्था होत्या, पण त्यांचे स्वतःचे नियतकालिक नव्हते. कुलाब्याचे वेड्यांचे इस्पितळ 1826 चे. मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीने 1838 मध्ये आपल्या निबंधांचा पहिला खंड छापला, त्यात सर्वच रोगांविषयीचे लेखन असे. रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा येथील रुग्णालये पुढच्या काळात उभी राहिली. ठाण्याचे रुग्णालय 1901 चे असून त्याच्याशी नरोत्तमदास माधवदास या दात्याचे नाव जोडलेले आहे, आणि भिवंडी, शेलार, वाडा, शहापूर या भागांतील कुटुंबांना दाखल करून उपचार घेण्याची वेळ आली की आजही त्याच रुग्णालयाची वाट धरावी लागते.

या संस्थांतील ज्ञान त्या काळी सरकारला सादर होणाऱ्या वार्षिक अहवालांत साठत असे. वर्षभरात किती दाखल झाले, किती बरे होऊन गेले, किती दगावले, आजाराचे कारण म्हणून काय नोंदवले गेले, असे तक्ते त्यात असत. गांजा हे कारण तर त्या तक्त्यांत इतक्या वेळा येई की पुढे भारतीय अंमली वनस्पतींविषयीच्या चौकशी आयोगाला 1893-94 मध्ये या नोंदींचीच छाननी करावी लागली, आणि त्यांतील पुष्कळशा विश्वासार्ह नसल्याचे आढळले. त्या अहवालांवर परीक्षक नव्हता, शंका विचारणारा संपादक नव्हता. पोलिसाने किंवा नातेवाइकाने सांगितलेले कारण जसेच्या तसे तक्त्यात चढे आणि सरकारी छापाने प्रमाण ठरे. संपादक नावाच्या चाळणीअभावी काय होते, हे समजून घेण्यासाठी त्या तक्त्यांइतके बोलके साधन दुसरे नाही.

अखिल भारतीय नियतकालिके

विसाव्या शतकात चित्र पालटले. भारतीय मानसशास्त्र परिषदेने 1926 मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजी' सुरू केले, त्याचे पहिले संपादक नरेंद्रनाथ सेनगुप्त होते. कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी मनोविश्लेषणाला, म्हणजे दडपलेल्या इच्छांच्या आधारे मनाचा उलगडा करणाऱ्या फ्रॉइडप्रणीत विचारपद्धतीला, वाहिलेले 'समीक्षा' हे नियतकालिक 1947 मध्ये काढले. त्याच वर्षी इंडियन सायकियाट्रिक सोसायटी स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष नगेंद्रनाथ डे यांच्याकडेच संस्थेच्या मुखपत्राचे संपादन आले, आणि 1949 मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ न्यूरॉलॉजी अँड सायकियाट्री' या नावाने त्याचा आरंभ झाला. मज्जाविकार आणि मनोविकार यांची वाट तेव्हा पुरती वेगळी झाली नव्हती, हे त्या जोडनावातूनच कळते. 1958 पासून ते 'इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री' या सध्याच्या नावाने प्रसिद्ध होत आहे.

या नियतकालिकाच्या इतिहासात एक गोष्ट लक्ष वेधून घेते. संस्थेला स्वतःचे कायमचे संपादकीय कार्यालय दीर्घकाळ नव्हते, त्यामुळे संपादक ज्या शहरी असेल तेथे नियतकालिकाचा पत्ता जाई. बी. बी. सेठी आणि पुढे जे. के. त्रिवेदी यांच्या काळात तो पत्ता लखनौचा होता, टी. एस. सत्यनारायण राव यांच्या काळात म्हैसूरचा झाला, आणि त्यानंतर ओमप्रकाश सिंग यांच्याबरोबर कोलकात्याला गेला. प्रत्येक बदलाच्या वेळी अर्धवट परीक्षणात असलेले लेख, परीक्षकांची यादी, वर्गणीदारांचे पत्ते, छापखान्याचा हिशेब आणि मागील अंकांचे गठ्ठे या साऱ्यांची रवानगी नव्या शहरी करावी लागे. मावळत्या संपादकाने ही सोपवणूक नीट केली तर नव्या संपादकाचा पहिला अंक वेळेवर निघे. ती रखडली तर लेखकांचे लेख महिनोन्‌महिने कोठे आहेत हेच कळेनासे होई. निरोपाच्या वेळी भाषणांत ज्याचा उल्लेखही होत नाही असे हे काम त्या निरोपाचा गाभा मानावे लागते.

परळची परंपरा

महाराष्ट्रात या विद्याशाखेची आधुनिक मांडणी मुंबईत झाली. सर जे. जे. रुग्णालयात 1938 मध्ये के. आर. मसानी यांनी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, आणि त्यामुळे वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंतीआड न जाताही मनाच्या तक्रारीवर इलाज करून घेण्याची सोय झाली. परळच्या केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात एन. एस. वाहिया यांनी मनोविकार विभाग नावारूपाला आणला. पतंजलीच्या योगसूत्रांतील कल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तपासून पाहिली आणि तिचे निष्कर्ष 1970 च्या दशकात परदेशी नियतकालिकांत प्रसिद्ध केले.

याच महाविद्यालयाच्या अध्यापकवर्गाच्या संस्थेने, म्हणजे स्टाफ सोसायटीने, 1955 मध्ये 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे त्रैमासिक सुरू केले. ते केवळ मनोविकारांचे नसले तरी मुंबईतील मनोविकारतज्ज्ञांना लिहिण्यासाठी एक घरचे दालन त्यामुळे मिळाले, आणि त्याची घडण येथे विशेष महत्त्वाची आहे. त्रैमासिक एका व्यक्तीचे नसून अध्यापकांच्या समूहाचे असल्यामुळे संपादकपद त्या समूहात फिरत राहिले. एकाने कामाचा वसा सोडला की त्याच्याच हाताखाली सहसंपादक म्हणून तयार झालेला दुसरा ते काम उचली. या शतकाच्या आरंभी त्याचे लेख महाजालावर विनामूल्य वाचण्याची सोय झाली, तेव्हा ती भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत फार थोड्यांनी केलेली गोष्ट होती. त्याच सुमारास मुंबईत उभ्या राहिलेल्या मेडनो या प्रकाशनसंस्थेने देशातील अनेक वैद्यकीय संघटनांची मुखपत्रे अशाच रीतीने खुली केली, 'इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री' हे त्यांपैकीच एक. 2011 मध्ये ही प्रकाशनसंस्था वोल्टर्स क्लुव्हर या बहुराष्ट्रीय कंपनीकडे गेली. मागील अंकांचे गठ्ठे वाहण्याची गरज त्यामुळे संपली, परंतु परीक्षकांशी जुळलेले संबंध आणि निवाड्याचे तारतम्य यांची सोपवणूक अजूनही माणसाकडून माणसाकडेच होते.

मराठी संपादकाचा एकहाती संसार

मराठी नियतकालिकांची परंपरा याहून निराळ्या वळणाची आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 1832 मध्ये निघाले आणि 1840 मध्ये त्यांनीच ते थांबवले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' 1874 पासून त्यांच्या एकट्याच्या लेखणीवर चालली आणि त्यांच्याबरोबरच संपली. 'केसरी'चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर 1887 मध्ये मतभेदांमुळे पदावरून दूर झाले, तेव्हा पत्र टिळकांच्या हाती टिकले, पण आगरकरांना आपली मते मांडण्यासाठी पुढच्याच वर्षी 'सुधारक' काढावा लागला. मराठीत संपादक म्हणजे पत्राचा आत्मा अशी समजूत रूढ झाली ती या इतिहासामुळे, आणि तिचा एक परिणाम असा झाला की संपादक गेल्यावर पत्र बंद पडणे हेच पुष्कळदा त्याच्या थोरवीचे लक्षण मानले गेले.

मनाच्या आणि शरीराच्या आरोग्याविषयी शास्त्रीय दृष्टीने लिहिणाऱ्या मराठी नियतकालिकांत र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'चे स्थान पहिले. जुलै 1927 मध्ये सुरू झालेले हे मासिक कर्व्यांनी लेखक, संपादक, प्रकाशक आणि व्यवस्थापक अशा सर्व नात्यांनी 1953 मधील आपल्या निधनापर्यंत चालवले. लैंगिक प्रश्नांवर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांना त्यांनी दिलेली उत्तरे हा त्या मासिकाचा विशेष होता. त्या पत्रांत अपराधभाव, भीती, वैवाहिक दुरावा असे आज मनोविकारतज्ज्ञाच्या दालनात येणारे विषय असत, आणि कर्वे पत्रलेखकाची ओळख झाकून, पण प्रश्नाला बगल न देता उत्तर देत. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले, त्यांपैकी 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. हयातीत कर्व्यांच्या वाट्याला सत्कार आले नाहीत. त्यांच्यानंतर मासिक चालवणारा कोणी नव्हता आणि ते थांबले. गौरव आला तो अर्ध्या शतकानंतर: अमोल पालेकर यांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट, अनंत देशमुख यांनी केलेले त्यांच्या साहित्याचे संकलन-संपादन, अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी रंगभूमीवर आणलेले 'समाजस्वास्थ्य' हे नाटक. हा गौरव अस्सल आहे, तरीही मासिकाचा जो वाचक 1953 च्या अखेरीस पत्राच्या उत्तराची वाट पाहत राहिला त्याला तो उपयोगी पडला नाही; आणि एकहाती संपादनाची मर्यादा नेमकी येथे दिसते.

अलीकडच्या काळातही या एकहाती परंपरेचे काही धागे महाराष्ट्रात आढळतात. मुलुंड येथून अजय सिंग आणि ठाण्याच्या जोशी-बेडेकर महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या व पुढे तेथे प्राचार्य झालेल्या शकुंतला सिंग यांनी 2003 मध्ये 'मेन्स साना मोनोग्राफ्स' ही मालिका सुरू केली. मनोविकारशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांना एकत्र आणणारी ही मालिका एका दांपत्याच्या पुढाकारावर उभी होती. भारतीय संशोधन बहुतांशी पाश्चात्त्य संशोधनाची पुनरावृत्ती करते आणि त्यामुळे नवे प्रश्न उभे राहत नाहीत, असे विवेचन तिच्या 2004 मधील एका निबंधात त्यांनीच केले. हा प्रश्न त्या काळात मोठ्या संस्थांच्या मुखपत्रांतही इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडला जाई. पुण्यात भार्गवी दावर यांच्या बापू ट्रस्टने 'आईना' हे वार्तापत्र चालवले. त्यात मनोरुग्णालयांतील उपचारांचा अनुभव घेतलेल्यांचे म्हणणे आणि त्यांच्या हक्कांची बाजू मांडली जाई. ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्यांनीही लिहावे, हा विचार संशोधन-नियतकालिकांनी बऱ्याच उशिरा स्वीकारला, आणि तो पुढे नेण्यात अशा छोट्या पत्रांचा वाटा मोठा आहे. दावर 2024 मध्ये निधन पावल्या, तेव्हा त्यांच्याविषयीच्या स्मरणलेखांत चळवळीतील कार्यकर्ती आणि अभ्यासक या रूपांना अग्रक्रम मिळाला; वार्तापत्राची संपादक ही त्यांची ओळख त्यामानाने मागेच राहिली.

परळहून सॅन दिएगोपर्यंत

मराठी मुलखातून गेलेल्या मनोविकारतज्ज्ञांत संपादक म्हणून सर्वांत दूरवर पोहोचलेले नाव दिलीप जेस्ते यांचे आहे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी केईएम रुग्णालयात वाहिया यांच्या हाताखाली मनोविकारशास्त्राचा अभ्यास केला, आणि पुढे अमेरिकेत जाऊन सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वार्धक्यातील मनोविकार हा आपला विषय ठरवला. मे 2012 ते मे 2013 या वर्षात ते अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष होते. मनोविकारांच्या निदानाची जगभर वापरली जाणारी नियमावली, जिला डीएसएम म्हणतात, तिची पाचवी आवृत्ती त्यांच्याच कारकिर्दीच्या अखेरीस प्रसिद्ध झाली. 1993 मध्ये स्थापन झालेल्या 'अमेरिकन जर्नल ऑफ जेरियाट्रिक सायकियाट्री' या वृद्धांच्या मनोविकारांवरील नियतकालिकाचे संपादन त्यांनी दीर्घकाळ केले, आणि नंतर 'इंटरनॅशनल सायकोजेरियाट्रिक्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाचीही धुरा घेतली.

वार्धक्य म्हणजे केवळ ऱ्हास ही समजूत त्या शाखेत प्रबळ असताना जेस्ते यांनी शहाणपण, म्हणजे अनुभवातून येणारे तारतम्य, सहानुभूती आणि भावनांवरील ताबा, हा संशोधनाचा विषय मानला. भगवद्‌गीतेतील शहाणपणाची कल्पना आणि आधुनिक संशोधनातील कल्पना यांची तुलना करणारा त्यांचा निबंध 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या संपादकाची छाप नियतकालिकावर कशी पडते याचे हे उदाहरण आहे, कारण संपादक स्वतः ज्या प्रश्नांना गंभीर मानतो त्या प्रश्नांवर लिहिणाऱ्या तरुण संशोधकांना आपले लेख पाठवण्याचे बळ येते. तथापि 'अमेरिकन जर्नल ऑफ जेरियाट्रिक सायकियाट्री' हे एका व्यावसायिक संघटनेचे मुखपत्र असल्यामुळे ते कोणा एका नावावर अवलंबून राहिले नाही. संपादकाची मुदत ठरलेली असणे, उत्तराधिकाऱ्याची निवड समितीने आधीच करणे आणि काही काळ दोघांनी बरोबरीने काम पाहणे, या तीन संकेतांमुळे अशा नियतकालिकांत संपादकाचा निरोप संकट न ठरता नित्याचा प्रसंग होतो.

गौरवाची रूपे आणि त्यांतील उणीव

भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनांत मावळत्या संपादकाच्या गौरवाचे काही ठरीव प्रकार आहेत. वार्षिक अधिवेशनात शाल, श्रीफळ आणि मानपत्र देऊन सत्कार होतो. शेवटच्या अंकात मावळता संपादक निरोपाचे संपादकीय लिहितो आणि त्यात आपल्या कारकिर्दीत किती लेख आले, किती छापले गेले, परीक्षणाला किती काळ लागला याचा हिशेब देऊन परीक्षकांचे आभार मानतो. पुढच्या अंकात नवा संपादक त्याची दखल घेतो. काही ठिकाणी मावळत्या संपादकाचे नाव सल्लागार मंडळात राहते. पाश्चात्त्य विद्यापीठांत गुरूच्या निवृत्तीनिमित्त शिष्यांनी लिहिलेल्या निबंधांचा ग्रंथ काढण्याची प्रथा आहे, आणि मराठीत गौरवग्रंथ व गौरवांक यांची परंपरा तिला समांतर चालत आली आहे.

याखेरीज व्याख्याने आणि पुरस्कार असतात, आणि त्यांच्या नावांची यादी पाहिली तर समाज कोणत्या कामाला मोल देतो हे समजते. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीत डी. एल. एन. मूर्ती राव यांच्या नावाचे व्याख्यान मानाचे मानले जाते; मुंबईचे मारफातिया यांच्या नावाने संशोधनाचा पुरस्कार दिला जातो; पुणे आणि मुंबई येथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनांच्या नावांचेही पुरस्कार आहेत. शिक्षक, संस्थाचालक, चिकित्सक आणि संघटना यांची स्मृती अशा रीतीने जपली गेली आहे. संपादनाचे कर्तृत्व हेच ज्याचे निमित्त आहे असा सन्मान मात्र विरळा, आणि ज्या संपादकांची नावे व्याख्यानांना लाभली ती बहुधा त्यांच्या अध्यापनामुळे किंवा संशोधनामुळे लाभली.

या उणिवेचे कारण कृतघ्नता नव्हे. चांगल्या संपादनाची खूण म्हणजे संपादकाचा हात न दिसणे, आणि जे दिसत नाही त्याचा सत्कार कोणत्या शब्दांत करावा हा प्रश्न प्रत्येक मानपत्र लिहिणाऱ्यापुढे उभा राहतो. म्हणून मानपत्रांत कष्टाळू, मृदुभाषी, शिस्तप्रिय अशी कोणालाही लागू पडणारी विशेषणे येतात. संपादकाच्या कामाचे खरे मोजमाप त्याच्या कारकिर्दीतील अंकांची सूची काढली तर होऊ शकते. कोणते विषय त्याच्या काळात प्रथम आले, लहान गावांतील किती लेखकांचे पहिले लेख त्याने दुरुस्त करून छापले, कोणत्या वादात दोन्ही बाजूंना जागा दिली, रुग्णांची ओळख जपण्याचे नियम केव्हा आणि कसे घातले, हे सारे त्या सूचीतून हाती लागते. अशी सूची सिद्ध करणे हे शाल देण्यापेक्षा कष्टाचे असल्याने ते क्वचितच होते.

अशा सूचीची गरज मोठ्या शहरांबाहेर अधिक भासते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून देशात टप्प्याटप्प्याने राबवला जात आहे, आणि मनोविकारांचे उपचार मोठ्या रुग्णालयांबाहेर तालुक्याच्या पातळीवर पोहोचवणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात किंवा शेलारसारख्या त्याच्या शेजारगावात काम करणाऱ्या डॉक्टरला रात्रपाळी, स्थलांतर, दारू आणि कर्ज यांच्याशी गुंतलेले आजार रोज भेटतात, आणि त्यांवर पूर्वी कोणी काय पाहिले हे जाणून घेण्यासाठी त्याच्याजवळ मोठे ग्रंथालय नसते. संपादकांच्या पिढ्यांनी पारखून ठेवलेले आणि आता खुले झालेले मागील अंक हेच त्याचे ग्रंथालय. त्यामुळे मावळत्या संपादकाला देण्याजोगा सन्मान तीन गोष्टींचा ठरतो: त्याच्या अंकांची पूर्ण सूची तयार करून ती सर्वांना उपलब्ध ठेवणे, त्याच्या हाताखाली तयार झालेल्या उत्तराधिकाऱ्याची नेमणूक त्याच्या जाण्यापूर्वी करणे, आणि नव्या संपादकाचा पहिला अंक ठरलेल्या महिन्यात काढणे. कर्व्यांच्या मासिकाला पुढे चालवणारे हात लाभले नाहीत, ब्रिगहॅम आणि बकनिल यांच्या नियतकालिकांना लाभले. व्यक्तींच्या योग्यतेत तिळमात्र उणेपणा नसतानाही त्यांच्या कार्याच्या आयुष्यात पडलेला हा फरक केवळ सोपवणुकीच्या व्यवस्थेचा आहे, आणि ती व्यवस्था उभी करण्याची जबाबदारी संपादकाची जितकी असते तितकीच त्याचा सत्कार करणाऱ्या संस्थेचीही असते.